मंडईच्या दिवशी पीटी सर

“आजपासून या कुंपणाच्या आत कोणताही जीव माणसाच्या हातून मरणार नाही,” गोमाजींनी उजवा हात उंच करून जाहीर केलं, आणि तो हात खाली येता येता मानेवरचा डास मारला.

समोर श्रोते म्हणून दोन शेळ्या, त्यांची करडं आणि एक कालवड होती. त्यांनी टाळ्याही वाजवल्या नाहीत आणि डासाबद्दल खुलासाही मागितला नाही. गोमाजींनी तळहात धोतराला पुसला आणि पुढचं वाक्य आठवू लागले. थोड्या वेळात भंडाऱ्याच्या शाळेची बस येणार होती. मुलांसमोर करायचं भाषण आधी गुरांसमोर करून पाहायचं, अशी त्यांची सवय होती. ज्या वाक्याला कालवड रवंथ थांबवते, ते वाक्य चांगलं.

सानगडीत, गोमाजींच्या घरामागे, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या काठावर, मोहाच्या झाडांखाली ही ‘बालप्राणी बाग’ होती. शहरातल्या मुलांनी इथे यायचं, करडांना पाला चारायचा, बोडीच्या पाण्यात बदकांमागे उतरायचं, कोंबडीच्या पोटाखालचं गरम अंडं गालाला लावून पाहायचं, शेणाच्या गोवऱ्या थापायच्या आणि चिखलाने माखून परत जायचं. गावाच्या मते हा गोमाजींचा गुरांचा जुना कोठाच होता. पाटी लागली म्हणून बाग झाला. गावातली पोरं इकडे फिरकत नसत. जे काम टाळलं म्हणून आपल्याला घरी मार बसतो, ते करायला ही पोरं बस करून येतात, हे त्यांना आजवर कोणी समजावून सांगू शकलं नव्हतं.

बागेचं खरं आकर्षण म्हणजे एक तांबडा-काळा कोंबडा. छाती काढून चालायचा, कारण नसताना ओरडायचा आणि रांगेबाहेर गेलेल्या कोंबडीमागे धावायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ‘पीटी सर’ ठेवलं होतं. मांडीवर घेतला की मात्र डोळे मिटून गप्प बसायचा.

“अवो, तुमचे पीटी सर कुठं हायत?”

शकुंतलाबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातांना भाजलेल्या खोबऱ्याचा आणि लसणाचा वास येत होता. गोमाजींना तो वास आवडायचा. आज ते एक पाऊल मागे सरकले.

“काहून?”

“काहून म्हणजे? आज मंडई हाय. जवाई निघाले मोहाडीवरून.”

धान कापून झाला की या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, घरोघर पाहुणे येतात, रात्री नाटक होतं. मुलगी भावना आठवडाभर आधीच माहेरी आली होती, आणि तिच्या नवऱ्याची लग्नानंतरची ही पहिलीच मंडई. पहिल्या मंडईला जावयाच्या ताटात अंगणातला कोंबडा पाहिजे, यात शकुंतलाबाईंना चर्चेला जागा दिसत नव्हती. त्यातून लग्नाच्या पंगतीत जावयाची आत्या म्हणाली होती, ‘सानगडीवाल्यायच्या रस्स्यात ताटाचं तळ दिसते बाप्पा.’ ते वाक्य शकुंतलाबाईंनी मेपासून दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं. अधूनमधून काढून पाहायच्या.

“त्या पोरीले शब्द देला मी,” गोमाजी म्हणाले.

पोरगी म्हणजे हर्षा. दिवाळीच्या आधी हीच शाळा आली होती, तेव्हा दुसरीतली ही मुलगी दिवसभर दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घालून उभी होती. करडू नको, अंडं नको, पाणी नको. शेवटी ती ओट्यावर एकटी बसली असताना पीटी सर आपणहून तिच्या मांडीवर चढले आणि झोपले. बऱ्याच वेळाने एक हात खिशाबाहेर आला. मग दुसरा. बसमध्ये चढताना तिने विचारलं होतं, “आजोबा, याला कापणार नाही ना?” गोमाजी नाही म्हणाले. “प्रॉमिस?” गोमाजी प्रॉमिस म्हणाले. आज ती पुन्हा येत होती. तिच्या उषा मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, ती घरी कोणाला अंगाला हात लावू देत नाही, पण कोंबड्याचं रोज विचारते.

“शब्द पोरीले देला, आन् पोरगी देली मोहाडीले,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “कोणचं मोठं हाय, तुमीच सांगा.”

“चिंधूकडून दुसरा आणतो.”

“आणा नं. मंडईच्या दिवशी गावात जित्ता कोंबडा दिसला तर मले बी दाखवजा.”

गोमाजी गावभर फिरून आले. दारोदार पिसं उडत होती. चिंधू स्वतः ओट्यावर बसून कोंबडा सोलत होता.

“तुमच्याकडं हाय नं एक, गोमाजी,” तो मान वर न करता म्हणाला. “शिकलेला.”

घरी येऊन गोमाजींनी बदकाचा विषय काढला.

“जवायाले बदक?” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मंग आत्याले कायले बोलवत नाही? ते बोडीच्या काठावर बसून उरलेली बदकं मोजंल.”

“मंग पोट्टे जाईपर्यंत तरी थांब.”

“गावरानी कोंबडा हाय तो, लवकर नाही शिजत. पोट्टे जातीन, दिवस बुडंल, आन् जवाई नाटकाले उपाशी जातीन.”

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. जावई भुपेंद्र आला. घर साड्यांच्या व्यापारातलं, माग आजोबांपासूनचे. माणूस उंच, गोरा आणि फार कमी बोलणारा. पाया पडला, हसला, तेही ओठ न उघडता. शकुंतलाबाईंना हा शालीनपणा फार आवडला.

“आज घरचा कोंबडा हाय बरं, जवाईबापू.”

“नको नको, मामीजी. वरण-भात चालते मले.”

शकुंतलाबाई समाधानाने हसल्या. जावयाने नको म्हणायचं आणि सासूने ते कानावर घ्यायचं नाही, हे ठरलेलंच. पहिला नकार म्हणजे संस्कार. दुसरा म्हणजे भीड. तिसरा आला की भांडं मोठं चढवायचं.

“खरंच नको. माझी जरा—”

“माझी शपथ हाय तुमाले.”

“मामीजी, ऐका तर—”

“भावना, मोठा गंज काढ वो!”

गोमाजींच्या मनात मात्र आशेचं पान हललं. ते जावयाला बाजूला घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बापू, खरं सांगा. तुमाले नकोच हाय का?”

भुपेंद्रने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून मोठा गंज उतरवल्याचा आवाज आला.

“आता मामीजी म्हणतीन तसं,” तो म्हणाला.

आशेचं पान गळलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

मुलं उतरली ती सगळ्या दिशांना. उषा मॅडम शिट्टी शोधत राहिल्या. करडांनी पहिल्यांदा एका मुलाची वही चाखली, मग दुसऱ्याच्या टोपीची दोरी. बोडीत दोघंजण ठरवून घसरले. गोमाजींनी भाषणाला घसा खाकरला, तर हर्षा समोर उभी होती. हात खिशाबाहेर.

“आहे?”

“आहे,” गोमाजी म्हणाले. अजून तरी हे खरं होतं.

तिने शेवग्याच्या झाडाखालून पीटी सरांना उचललं आणि बसायला जागा शोधली. मोहाखालच्या खाटेवर जावई एकटाच बसला होता. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“तुम्हाला पकडता येतो का?”

“नाही.”

“सोप्पं आहे. पंखांवरून हात घ्यायचा. पाय लटकू द्यायचे नाहीत. आणि घाबरायचं नाही, त्याला कळतं. घ्या.”

भुपेंद्रने घेतला. लुगड्याचा पोत पाहावा तसा त्याचा अंगठा मानेच्या पिसांवरून फिरला, थांबला, उलटा फिरला.

“असा रंग साडीच्या करवती काठाले येत नाही,” तो पुटपुटला.

“काका, तुम्ही पाहुणे आहात?”

“हो.”

“आमच्याकडे पाहुणे आले की चिकन आणतात.” हर्षाने थोडा विचार केला. “पण याला नाही कापत. आजोबांनी प्रॉमिस केलंय.”

गोमाजी जवळच एका शेळीची गाठ सोडून पुन्हा बांधत होते. ती आधीच नीट बांधलेली होती. भुपेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. मग घराच्या दाराकडे पाहिलं. दारात शकुंतलाबाई उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात पदराआड होता. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाला, समोरच्याचा जो हात दिसत नाही त्यात काय आहे, हे ओळखता यावं लागतं.

शकुंतलाबाई खाटेपाशी आल्या. मुलीसमोर काही बोलायला त्यांची जीभ रेटेना. म्हणून त्यांनी आधी रीत उरकून घ्यायचं ठरवलं. या घरात पहिल्या मंडईला जावयाने जेवणाआधी एक गोष्ट मागायची आणि सासरच्यांनी नाही म्हणायचं नाही, अशी चाल होती. घरात टॉवेल, टोपी आणि हातघड्याळ आणून ठेवलंच होतं, मागणं नावापुरतं. खुद्द गोमाजींनी त्यांच्या वेळी सासऱ्यांकडे रेडिओ मागितला होता आणि त्यांना छत्री मिळाली होती, पण ती गोष्ट घरात कोणी काढत नसे.

“जवाईबापू, मांगा काय मांगता ते. लाजू नका.”

भुपेंद्रने मांडीकडे पाहिलं.

“हा द्या.”

“इश्श! तो तर तुमचाच हाय. मसाला वाटूनच ठेवला.”

“तसा नाही, मामीजी. असाच. जित्ता.”

पीटी सरांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

“जित्ता घेऊन का करसान?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“राहू द्या इथंच. मोहाडीले गाडीवर कुठं नेऊ? पण आजपासून माझा. माझा म्हणून सांभाळा.”

शकुंतलाबाई तशाच उभ्या राहिल्या. मोहाडीच्या आत्याचं वाक्य, चढवलेला गंज, जावयाचं मागणं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना गोमाजींना दिसलं. शेवटी त्या आत गेल्या. पदराआडचा हात पदराआडच राहिला.

“म्हणजे आता हा तुमचा?” हर्षाने विचारलं.

“हो.”

“मग मी हात लावू शकते ना?”

“तुझ्याबिगर मले पकडता कुठं येते?” भुपेंद्र म्हणाला.

थोड्या वेळाने शकुंतलाबाई बाहेर आल्या, त्या पळसाच्या पानावर तांदूळ घेऊन. नेहमीसारखे फेकले नाहीत. पान खाटेपाशी मांडलं, सारखं केलं आणि म्हणाल्या, “घ्या.”

पीटी सरांनी घेतले. मग ते ओट्यावर चढले, तिथून थेट वाळत घातलेल्या धानात. रोजच्या सवयीने शकुंतलाबाईंचा झाडू वर गेला. वरच थांबला. हळूच खाली आला.

“जवायाचा हाय,” त्या भावनाला म्हणाल्या. “धानाची चादर तूच सरकव तिकडं.”

गोमाजींचं भाषण त्या दिवशी असं रंगलं की कालवड रवंथ विसरली. दया म्हणजे काय, हे पुस्तकात नसतं, ते अचानक आपल्या खाटेवर येऊन बसतं, असं काहीबाही ते बोलले. नाव न घेता त्यांनी जावयाकडे इतक्या वेळा पाहिलं की मुलांनीही माना वळवल्या. उषा मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. भुपेंद्र ओठ मिटून हसला आणि खाली पाहत राहिला. केवढी नम्रता, गोमाजींना वाटलं. आपण याला कापडं मोजणारा समजत होतो. भावनाने नशीब काढलं. फाटकावरच्या पाटीवर याचं नाव लिहायचं, ‘आश्रयदाते’ म्हणून, आणि तेही आपल्या नावाच्या वर. वर की बाजूला, एवढाच प्रश्न उरला होता.

बस गेली. हर्षाचा हात खिडकीबाहेर, वळणापर्यंत.

पंगत मांडली तेव्हा उन्हं कलली होती. कोंबडा नाही तर नाही, पण मान राखायचा म्हणून शकुंतलाबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे तळले होते, चांगले लाल, कडक, ताटात पडले की वाजतील असे. जावयापुढे त्यांचा डोंगर होता. त्यांनी आग्रह केला, शपथा घातल्या आणि आणखी गरम आणायला त्या आत वळल्या.

एवढा वेळ गोमाजींनी धरून ठेवलेलं आता सुटलं.

“बापू,” ते म्हणाले, “आज तुमी माहा शब्द राखला. त्या पोरीचा जीव राखला. कोंबड्याचा तर राखलाच. एवढं मोठं मन तुमी कुठून आणलं?”

भुपेंद्र हातातला वडा कधीचा नुसता फिरवत होता. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं, सासूबाई चुलीपाशीच आहेत याची खात्री केली, आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकला.

“मामाजी, परवाच दोन दाढा उपटल्या माह्या,” तो म्हणाला. “मामीजीले सांगून जराशी पेज भेटंल का?”