राखीव गोलकीपरची तीन मिनिटं

विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला साठ वर्षं झाली आणि संघाचा इतिहास लिहायचं काम वहीवाल्याच्या गळ्यात पडलं. पडलं म्हणणं तसं चूकच, कारण मान त्यानंच पुढे केली होती. भूमापन कार्यालयात अडतीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ घरात बसून कपाटांची मापं घ्यायला लागला, तेव्हा बायकोनंच त्याला विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे पिटाळलं होतं.

वहीवाला हे नाव कॉलेजातलं. संघाची एक पद्धत होती, आजही आहे: सामन्याची नोंदवही राखीव गोलकीपरनं लिहायची. बाकावरच्या बाकीच्यांना कधीही बोलावणं येतं, ते सारखे पाय झटकत असतात. राखीव गोलकीपरला मात्र कुणी कुत्रं विचारत नाही. त्याचे हात कोरडे आणि वेळ भरपूर, म्हणून पेन त्याच्या हातात. पानाच्या तळाशी कर्णधारानं सही करायची, की नोंद पक्की.

आपला वहीवाला चार वर्षं राखीव गोलकीपर होता आणि चार वर्षं त्यानं वहीच लिहिली. पहिला गोलकीपर इतका धडधाकट, की त्याला कधी साधा ताप आला नाही. वहीवाल्यानं त्याचं वाईट चिंतलं नाही, माणूस तसा नव्हता. फक्त तो शिंकला, की याचे कान टवकारायचे.

तर साठ वर्षांच्या अकरा जाडजूड वह्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडल्या आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागली. वहीवाला मोठ्यानं वाचायचा, लेक टाइप करायची. लेक बँकेत सह्या पडताळायचं काम करायची. दोन अक्षरांत केसाएवढा फरक असला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे.

काय एकेक वर्षं होती! पहिल्या सामन्यात गोलचे खांब म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली स्टुलं लावली होती. संघ नऊ-शून्यनं हरला आणि एक स्टूल मोडलं म्हणून विभागप्रमुखांनी सगळ्या संघाला उभं करून झापलं. सातव्या वर्षी कुणा शहाण्यानं संघाचे पांढरे शर्ट वसतिगृहाच्या लाल पडद्यांबरोबर भिजत घातले, आणि ते वर्ष अख्ख्या संघानं गुलाबी शर्टांत काढलं. गंमत म्हणजे त्या वर्षी ते एकदाही हरले नाहीत, आणि पुढची दोन वर्षं पडदे मागायला वसतिगृहात जात राहिले. वह्या लिहिणारेही एकेक नग. एकानं प्रत्येक पानावर फक्त रेफरीच्या चुका मांडल्या होत्या. दुसऱ्यानं मैदानावर येणाऱ्या मांजरीची हजेरी घेतली होती, आणि मांजर गैरहजर असलेले सामने संघ हरला होता असं त्याचं म्हणणं होतं. वहीवाला हसून हसून बेजार व्हायचा. या लोकांवर त्याचा भारी जीव होता. सगळे त्याच्याच जातीचे, बाकावर बसून दुसऱ्यांचं खेळणं लिहून ठेवणारे.

शनिवारी सकाळी तेराव्या वर्षाचं शेवटचं पान आलं.

"हे मला पाठ आहे," लेक म्हणाली. "तुमचं पान. आजोबा किती वेळा सांगायचे."

वहीवाल्यानं ते पान जरा भरभर वाचलं. संघ पाच-शून्यनं पुढे. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला राखीव गोलरक्षक मैदानात. एक चेंडू उजवीकडे झेप घेऊन अडवला. खाली कर्णधाराची सही.

इथूनच ती दुसरी पद्धत सुरू झाली होती. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात शेवटची तीन मिनिटं राखीव गोलकीपरला द्यायची, मग समोर कुणी का असेना. चौदाव्या वर्षापासून आजतागायत ती कधी चुकली नव्हती. आणि तो मैदानात गेला, की तेवढ्यापुरती वही बाकावर शेजारी बसलेल्यानं लिहायची.

लेकीनं टाइप करणं थांबवलं. वही ओढून घेतली, पुढची पानं चाळली, परत मागे आली.

"बाबा, सगळ्यांची ती तीन मिनिटं दुसऱ्याच्या अक्षरात आहेत. तुमचीच तेवढी तुमच्या अक्षरात कशी?"

वहीवाल्यानं पान पुन्हा पाहिलं. सत्तेचाळीस वर्षं हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. नकाशात रेघ सुताएवढी सरकली तरी साहेबाशी भांडणारा माणूस, आणि स्वतःच्या पानावरची एवढी ढळढळीत चूक त्याला दिसली नव्हती.

"मी नंतर लिहिलं असेन," तो म्हणाला.

"हो का?" लेक म्हणाली. परत टाइप करायला लागली. तेच त्याला जास्त लागलं.

खरं इतकंच होतं, की तो उतरलाच नव्हता. सामना संपला, पोरं कर्णधाराला खांद्यावर घेऊन नाचली, आणि हा बाकावर वही मांडीवर घेऊन बसून राहिला. चार वर्षं दर सामन्यानंतर घरी गेल्यावर वडील विचारायचे, "आज उतरवलं का रे?" टोमणा नसायचा त्यात, नुसती आशा असायची. त्या दिवशी त्याच्यानं 'नाही' म्हणवलं नसतं. म्हणून त्यानं ती ओळ लिहिली. आणि खोटं लिहायचंच आहे, तर निदान एक चेंडू तरी अडवावा, म्हणून झेपही घेतली. वडिलांनी वही हातात घेतली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. पुढे ते गेले तेही ती झेप खरी मानूनच.

हे सगळं पोटातच राहिलं असतं, पण नेमकं याच वर्षी घोडं अडलं होतं. संघाचा नवा प्रशिक्षक कडक होता. रविवारचा शेवटचा सामना जिंकला तर साठ वर्षांत दुसऱ्यांदा चषक मिळणार होता, आणि अशा सामन्यात तीन मिनिटांचे लाड त्याला नको होते. "काका, तुम्ही इतिहास लिहिताय," तो वहीवाल्याला म्हणाला होता. "पद्धत कुठून आली ते मला वहीतून दाखवा. पाया खरा असेल तर मी पाळीन. उगाच कुणीतरी म्हणतं म्हणून नाही."

शनिवारी संध्याकाळी क्रीडा विभागात बैठक होती. खोलीत चेंडू फुगवायचे पंप, तुटके झेंडे आणि चहाचे कप. प्रशिक्षक होता, माजी खेळाडूंचा अध्यक्ष म्हणून दाताचा डॉक्टर होता, आणि वही उचलायला म्हणून लेक आली होती. डॉक्टर म्हणजे तेराव्या वर्षीचा कर्णधार. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून एकट्यानंच बोलायची सवय लागलेला, त्यामुळे बैठकीतही दुसऱ्या कुणाचा नंबर लागत नसे.

प्रशिक्षकानं तेराव्या वर्षाचं पान उघडलं आणि विचारलं, "पद्धत इथूनच ना?" वहीवाल्याला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की वडिलांची झेप शाबूत, लेकीसमोर लाज शाबूत, आणि उद्या त्या राखीव पोराची तीन मिनिटंही शाबूत. 'नाही' म्हटलं, की तिन्ही गेली. पण साठ वर्षांचा इतिहास त्याच्या नावानं छापला जाणार होता, आणि एवढ्या सगळ्या बाकावरच्यांनी खरं लिहिलं होतं. मांजरवाल्यानंसुद्धा.

"मी उतरलो नव्हतो," तो म्हणाला. "ती ओळ खोटी आहे. झेपही खोटी. वडिलांना दाखवायला लिहिली."

लेकीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. प्रशिक्षकानं वही मिटली. "म्हणजे पद्धत खोट्यावर उभी आहे."

"खोट्यावर नाही," डॉक्टर म्हणाला. "माझ्या विसरण्यावर."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला, पुसण्यासारखं काही नसताना.

"त्या दिवशी सकाळी मी ठरवलं होतं याला उतरवायचं. पाच गोल झाल्यावर तर काहीच भीती नव्हती. आणि मी विसरलो रे. स्वतःच्याच नादात. खांद्यावर बसून नाचत होतो, तेव्हा हा दिसला, बाकावर. संध्याकाळी वही सहीला आली. ती ओळ वाचली. मी कर्णधार होतो, मला ठाऊक नव्हतं का मैदानात कोण होतं ते?"

"मग सही का केलीस?" वहीवाल्यानं विचारलं.

"मी तुला जे द्यायला हवं होतं, तेच तू लिहिलं होतंस. खोडायला कुठल्या तोंडानं सांगू? पुढच्या वर्षी मी पुन्हा कर्णधार झालो. शेवटच्या सामन्यात सत्त्याऐंशीव्या मिनिटाला राखीव गोलकीपरला उतरवलं. पोरं म्हणाली, हे काय नवीन? म्हटलं, वही बघा, पद्धत आहे आपली." त्यानं चष्मा परत लावला. "तुला सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं तुझे दात तपासतोय. दर वेळी वाटायचं आज सांगू, आणि तुझं तोंड उघडं असायचं."

वहीवाला हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. चारचौघांत डोळे पुसायची त्याला लाज वाटायची. त्या दिवशी नाही वाटली.

लेकीनं पेन त्याच्या हातात दिलं. "लिहा बाबा. इतिहासात दोन्ही लिहा, खोटी ओळही आणि हे विसरणंही. आजोबांचंसुद्धा."

प्रशिक्षक वही काखेत मारून निघाला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "चौदाव्यापासूनच्या नोंदी खऱ्या आहेत ना, काका?"

"सेहेचाळीस आहेत. सगळ्या खऱ्या."

रविवारी संघ एक-शून्यनं पुढे होता आणि समोरचे एकसारखे गोलवर चालून येत होते. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला प्रशिक्षक उठला. मैदानावरची नजर न हलवता बाकावरच्या पोराला म्हणाला, "हातमोजे घाल." राखीव गोलकीपर ताडकन उठला, हातातली वही कुणाला द्यावी म्हणून इकडेतिकडे बघायला लागला, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर टाकून पळाला.

वहीवाल्यानं पेन उघडलं. डॉक्टर त्याच्या पलीकडे बसून नखं खात होता. एकच चेंडू आला. पोराच्या हातून तो निसटला, गोलरेषेवर लोळला, आणि पोरानं अंगाखाली दाबून धरला. शिट्टी झाली. चषक आला.

वहीवाल्यानं लिहिलं: सत्त्याऐंशीव्या मिनिटाला राखीव गोलरक्षक मैदानात. एक चेंडू अडवला. आधी निसटला, मग अडवला.

सगळे मैदानात धावले. डॉक्टरही गुडघे विसरून धावला. पोरगा चिखलानं माखलेला परत आला आणि आधी वहीपाशी आला. त्यानं पान वाचलं. मग हातमोजा काढून त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि काढलंच नाही.

वहीवाला वही धरून तसाच बसून राहिला. त्याला घाई नव्हती.