जे बोलायचं ते तोंडावर

स्वयंपाकघराच्या दारावरच्या दोरीला लाल चिमटा लागला की साऱ्या आवाराला कळायचं, कुणाची तरी कुणाबद्दल तक्रार आहे. कुणाची आणि कुणाबद्दल, हे मात्र रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे मोठ्या खोलीत बसेपर्यंत गुलदस्त्यात. आठ घरं, एक स्वयंपाकघर, एक धुण्याची खोली आणि सगळ्यांचे एकमेकांच्या पायात पाय. असं एकत्र राहायचं ज्यांनी आपणहून ठरवलं, त्यांना नीट भांडायची सोयही आपणच करून ठेवावी लागते. ती सोय केली होती कायदेबाईने.

कायदेबाई हे अर्थात टोपणनाव. पोटापाण्यासाठी ती औषधांच्या दुकानात बसायची आणि घरी आली की नियम करायची. पहिला नियम तिचाच: ज्याच्याबद्दल जे बोलायचं, ते आधी त्याच्या तोंडावर बोलायचं. लेकी बोले सुने लागे असले प्रकार इथे चालणार नाहीत, असं तिने पहिल्याच बैठकीत बजावलं होतं. तक्रार करणाऱ्याने समोर उभं राहून बोट रोखायचं नाही, उठून त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसायचं, हाही तिचाच. शेजारी बसलेल्या माणसावर फार वेळ ओरडता येत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी तक्रारदाराने एकच गोष्ट मागायची आणि समोरच्याने ती द्यायची.

त्या रविवारी ती अगदी निवांत होती. चिमटा वायरमनसाठीच असणार, यात तिला शंका नव्हती. तो धुण्याच्या खोलीतल्या बेसिनमध्ये मोटारीचे सुटे भाग धुवायचा आणि मग लोकांच्या उशांच्या अभ्र्यांना ग्रीस लागायचं. वायरमनचा चेहराही तसाच झाला होता. चोराच्या मनात चांदणं.

बैठक चालवायचे पोस्टमनकाका. नोकरी सुटली तरी वेळेवर पोहोचायची सवय सुटली नव्हती. ते म्हणाले, ज्याची तक्रार आहे त्याने उठून आपल्या जागी जावं. कुणीच उठेना. वायरमनशेजारची खुर्ची रिकामीच राहिली. काकांनी पुन्हा सांगितलं.

"मी बसलेय की जागेवर," कायदेबाईची आई म्हणाली.

ती नेहमीसारखी लेकीच्या शेजारीच बसली होती. दोनचार जण हसले. म्हातारीला समजलं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. कायदेबाईही हसली, आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्या आवाजात तिने आईला समजावलं की तक्रार कुणाची आहे, असं काका विचारताहेत.

"ऐकलं मी. माझी आहे. तुझ्याबद्दल."

कायदेबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं असं. वर्षापूर्वी आईने रिकाम्या भांड्याखाली गॅस चालू ठेवला आणि ती बाहेर जाऊन बसली. भांडं कोळसा झालं, खिडकीचा पडदा जळला. कायदेबाई घाबरली. पण ती आईशी एक अक्षर बोलली नाही. गेली ती सात घरांच्या दारात, आईशी कसं वागायचं ते सांगायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! दुसऱ्या दिवसापासून आख्खं आवार आईशी मोठ्याने, सावकाश बोलू लागलं. तिची स्वयंपाकाची पाळी गुपचूप दुसऱ्याकडे गेली. आईला वाटलं, इथल्या लोकांना झालंय तरी काय, सगळ्यांना एकदम कमी ऐकू यायला लागलं की काय.

हे कधी बाहेर आलंच नसतं. पण गेल्या महिन्यात एक गवंडी राहायला आला. त्यालाही ती सूचना मिळाली. नवा माणूस, नियम पाठ केलेले, त्यात हा काही त्याला सापडेना. मग त्याने पहिल्या नियमाप्रमाणे थेट म्हातारीलाच विचारलं, "आजी, तुमच्याशी मोठ्याने बोला म्हणून सांगितलंय. ते का?"

आता आई काय मागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकाची पाळी. काकांनी तर द्यायचीच, अशा अर्थी मानही हलवली.

"माझ्याबद्दल या सगळ्यांना जे सांगितलंस," आई म्हणाली, "ते आता मला सांग. त्याच शब्दांत."

कायदेबाईने सांगितलं. तिला आठवत नाही. तेच तेच तीनदा विचारते. तिच्या हातात किल्ल्या देऊ नका. गॅसजवळ जाऊ देऊ नका. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती.

"खरं आहे. विसरते मी. तुझ्याआधी मलाच कळलं होतं ते. तू विचारलं असतंस तर बोललो असतो दोघी. झालं?"

हो म्हणायला कायदेबाईने तोंड उघडलं आणि तिची नजर खोलीवरून फिरली. पोस्टमनकाका टेबलाकडे बघत होते. वायरमन नखं बघत होता. गवंडी तेवढा सरळ तिच्याकडे बघत होता, त्याला पुढचं माहीत नव्हतं. आणि आईलाही नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं, आणि ते कुणी बोलणार नव्हतं, कारण बोलू नका म्हणून तिनेच त्यांना हात धरून विनवलं होतं. हो म्हटलं की सुटली असती ती. आई तशीच शेजारी बसली होती, उत्तराची वाट बघत.

"नाही," ती म्हणाली. "अजून आहे. म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात, तिथे तुझ्यासाठी खोली घेतलीय. येत्या पहिल्या तारखेपासून."

आईची डोलणारी मान थांबली. तिने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, ओळख पटवत असल्यासारखं. मग तिने खोलीकडे पाहिलं.

"यांना माहीत होतं?"

आम्हाला वाटलं, तिने सांगितलं असेल, असं वायरमन जमिनीकडे बघत पुटपुटला. ते खुद्द त्यालाही पटलं नाही.

आई पुन्हा लेकीकडे वळली.

"आणि मला काय सांगून नेणार होतीस?"

कायदेबाईला रडू फुटलं, पण उत्तर द्यायचंच होतं.

"डोळे तपासायला जायचंय, असं."

"आले असते गं मी," आई म्हणाली. "चांगले कपडे घालून, सकाळपासून तयार बसले असते."