टाकीचं नवं झाकण

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांचा ट्रक दुरुस्तीला काढला. तिसऱ्या दिवसापासून मला भीती वाटू लागली की तो दुरुस्त होईल.

ट्रक माझ्याहून एकोणीस वर्षांनी मोठा. चारही चाकांना जोर, पत्र्याचे सपाट दरवाजे, उन्हाने उडालेला हिरवा रंग. टेकडीवरच्या रोपवाटिकेला बाबा त्यातून पाण्याची पिंपं न्यायचे. रस्ता खाणीच्या कडेने चढतो आणि अर्ध्यावर एक अवघड वळण आहे. त्या वळणावर गाडी बंद पडली. बाबांनी बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला, मग खाली उतरून पुढून हँडल फिरवायला लागले. हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी जे जे टाळायला बजावलं होतं, त्यातलं हे पहिलं. खाणीतल्या माणसांना ते बंपरपाशी सापडले. हँडल इंजिनातच अडकलेलं होतं.

रोपवाटिका आता दादाकडे आली होती. रोपं काही आमचं सुतक पाळणार नव्हती. भाड्याचा ट्रॅक्टर सोमवारपर्यंतच मिळणार होता, म्हणून ट्रक चालू होणं गरजेचं होतं.

दुरुस्तीला बाबांचे एक जुने मिस्त्री मित्र आले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि दुखणं सांगायचं, ही त्यांची ख्याती. बाबा त्यांना कानसेन म्हणत. कानसेनांचा एक नेम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी चालवून बघायची. ‘दोन औषधं एकदम दिली तर गुण कुणाचा ते कळत नाही.’ बाबांनी हा नेम उचलला आणि आमच्या गणितापासून आईच्या आमटीपर्यंत सगळ्याला लावला. एकदा आईने त्यांना विचारलं होतं, मीठ आणि तिखट वेगवेगळ्या दिवशी घालू का.

पहिल्या दिवशी टाकी उतरवून गंज धुतला. दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर खोलून त्याची बारीक छिद्रं फुंकून काढली. तिसऱ्या दिवशी पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा फाटका पडदा बदलला. दर वेळी कानसेन गाडी घेऊन वस्तीबाहेरच्या सपाट रस्त्यावर जायचे आणि पंचवीसेक मिनिटांनी ती बंद पडायची. आधी गचके द्यायची, मग घसा सुकल्यासारखी खोकायची, मग गप्प. दहा-बारा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

“रुसते, आणि कोणी मनवत नाही असं दिसलं की आपली आपण उठून बसते,” कानसेन म्हणाले.

“पण तुमचा अंदाज काय, काका?” दादाने विचारलं.

“अंदाज ज्योतिषाला विचार. मी मिस्त्री आहे.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले तेव्हा पेट्रोल भरायला मी टाकीचं झाकण उघडलं. त्याची किल्ली माझ्याकडे असायची. कुलूप फिरवलं, झाकण सैल केलं आणि टाकीने आत हवा ओढली. लांब, बारीक आवाज, एखाद्याने दातांतून श्वास घ्यावा तसा. मी झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले.

ते झाकण मी आणलं होतं. गल्लीत उभ्या गाड्यांतून पेट्रोल चोरीला जायचं. बाबा सारखे कुरकुरायचे, म्हणून मी कुलपाचं झाकण विकत घेतलं आणि गुरुवारी स्वतः बसवलं. जुन्या झाकणाला मधोमध टाचणी जाईल एवढं भोक होतं. मला वाटलं, गंजून पडलंय. मी ते झाकण भंगारात दिलं. शुक्रवारी बाबा बाजारात जाऊन आले, दहा मिनिटांचं अंतर. शनिवारी ते टेकडीवर निघाले.

तेलाच्या डब्याला आई नेहमी दोन भोकं पाडते, एक तेलाला आणि एक हवेला. एकच पाडलं तर धार तुटते. टाकीतून पेट्रोल जायचं तर आत हवा यायला हवी. हे मला शाळेपासून ठाऊक होतं, आणि झाकण बसवताना आठवलं नव्हतं.

मी कोणालाच काही बोलले नाही. अंगणात इंजिन सुरू झालं की मी मोरीत जाऊन नळ सोडायचे. कानसेनांनी प्लग बदलले, मग फिल्टर बदलला. गाडी बंद पडतच राहिली, म्हणजे कारण अजून कोणाला सापडलं नव्हतं, आणि दर वेळी मला हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी दादा म्हणाला, “उद्या सकाळी पिंपं भरून वरच नेतो. सपाटीवर नखरे करते, ओझं पडल्यावर खरं काय ते कळेल.”

“वळणावर थांबली तर हँडब्रेकच्या भरवशावर राहू नको,” कानसेन म्हणाले. “तो नावाचाच आहे. चाकामागे दगड लावायला कोणीतरी पाहिजे.”

सकाळी दादाने चार पिंपं भरली आणि इंजिन तापायला सुरू ठेवलं. आई सीटवरची धूळ पुसत होती. तिने बाबांचा रुमाल सीटखालून काढला, झटकला आणि परत तिथेच ठेवला.

“दादा, बंद कर,” मी म्हणाले.

“काय झालं?”

मी टाकीपाशी जाऊन किल्ली फिरवली. आवाज सगळ्यांना ऐकू आला. कानसेन जवळ आले. झाकण ओठांना लावून त्यांनी फुंकलं. गाल फुगले, हवा कुठूनच गेली नाही.

“हे कधी बसवलं?”

“बाबा गेले त्याच्या दोन दिवस आधी. मी बसवलं.”

आई सीटवरून खाली उतरली. “म्हणजे, भावजी, त्या दिवशी यामुळेच…”

“थांबा, वहिनी.” कानसेन माझ्याकडे पाहत नव्हते. “कॉइल तापली तरी अगदी अशीच लक्षणं दिसतात. गरम झाली की ठिणगी मरते, निवली की येते. मी आज नवी कॉइल घेऊनच आलोय.” त्यांनी पिशवीतून कॉइल काढली, त्याच हाताने ड्रिल काढलं आणि दोन्ही बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवलं. “दोन्ही करून टाकू. वेळ नाही.”

दादाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या माणसाने असं कधी म्हटलं नव्हतं. दोन्ही बदललं की गाडी चालणार होती, आणि कशामुळे चालली ते कधीच कोणाला कळणार नव्हतं. आईलाही नाही. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. कानसेनांनी जुन्या कॉइलचा पहिला स्क्रू सैल केला. दुसऱ्याला हात घातला.

“काका,” मी म्हणाले. “एकच बदला.”

“पोरी, उगाच हट्ट करू नकोस.”

“फक्त झाकण.”

त्यांनी आईकडे पाहिलं. मग त्यांनी सैल केलेला स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि झाकणाला भोक पाडलं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

दगड लावायला मी दादाबरोबर गेले. पायाशी दोन मोठे दगड होते, मागे पिंपांत आठशे लिटर पाणी डचमळत होतं. दादाची नजर रस्त्यावर होती, माझी मनगटावर. अठरा मिनिटं झाली. बावीस झाली. खाण सुरू झाली, डावीकडची जमीन संपली. गाडी बंद पडली तर मी सुटणार होते आणि आम्ही दोघं त्या कड्यावर बिनब्रेकचे लटकणार होतो. नाही पडली तर दादा घरी सुखरूप येणार होता. काय मागावं ते मला कळेना. पंचवीस. दादाने गिअर खाली घेतला. वळण आलं. माझा हात दरवाजाच्या कडीवर होता. इंजिनाचा आवाज जड झाला, खाली गेला, आणि तसाच, न अडखळता, वळणातून वर चढला.

दादाने श्वास सोडला. मग गाडी न थांबण्याचा माझ्यासाठी अर्थ काय ते त्याला उमगलं असावं, कारण तो एकदम सावरून बसला.

माथ्यावर पोचायला एकूण अडतीस मिनिटं लागली. दादा इंजिन बंद करेना. किल्लीवर हात ठेवून नुसता बसून राहिला. फोन वाजला. आईचा होता. त्याने तो माझ्यापुढे धरला.

“पोचलात का?” आईने विचारलं.

“पोचलो.”

“मधे कुठे थांबली?”

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. पुरेसा मोठा होता.

“नाही,” मी म्हणाले. “कुठेच थांबली नाही.”

मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. दादाने काच खाली केली, कारण आत पेट्रोलचा वास कोंडला होता.

“उतरताना,” बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “खालच्या गिअरमध्ये उतरा.”

“हो.”

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.