तीनदा, बर्फात

केक कापून झाला, टाळ्या झाल्या, तरी ताई अजून छापील लेखावरची नावंच वाचत होत्या. एकूण सात. धाकटीचं सगळ्यात आधी, सरांचं शेवटी. मधे सरांच्या एका मित्राचंही होतं. त्या गृहस्थांनी या प्रयोगशाळेत चहाच्या कपाखेरीज कशालाही हात लावलेला नव्हता. ताईंचं नाव नव्हतं.

"सर विसरले असतील हो," धाकटी म्हणाली. "तुम्हाला माहितीये ना त्यांचं."

सरांचा विसरभोळेपणा मजलाभर प्रसिद्ध होता, त्यामुळे ताईंनी मान डोलावली. त्या इथे बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. धाकटी संशोधनाला आली तेव्हा तिला पिपेटही धड धरता येत नव्हती. ताईंनी तिला हाताला धरून शिकवलं आणि 'आमची धाकटी' म्हणून मिरवलं.

लेख माणसातल्या एका जनुकावर होता. त्यापासून बनणारं प्रथिन दुसऱ्या काही प्रथिनांना धरून ठेवतं, आणि पेशीत कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे ती दुसरी प्रथिनं ठरवतात. ही पकड दाखवायची तर पहिलं प्रथिन बारीक मण्यांवर बसवायचं, त्यावर दुसरं सोडायचं, मणी धुवायचे आणि फिल्मवर काळी पट्टी उमटते का ते बघायचं; उमटली, तर पकड टिकली. दीड वर्ष पट्टी काही उमटेना. धाकटी रडकुंडीला आली, तेव्हा ताईंनी काम हातात घेतलं. पकड नाजूक आहे, इथे धसमुसळेपणा चालायचा नाही, हे त्यांनी ओळखलं. मणी पाचऐवजी तीनदाच धुतले, तेही बर्फात, यंत्रावर न घुसळता नळी हातानं हळूहळू उलटीपालटी करत. पट्टी आली. धाकटीनं त्यांना कडकडून मिठी मारली होती.

लेख छापून आल्यावर तीन महिन्यांनी सरांनी दोघींना बोलावलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र होतं: लेखाबरहुकूम सगळं केलं, पट्टी येत नाही.

ताईंनी लेखातली कृती काढली. 'पाच वेळा धुतले.' बर्फाचं नावही नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. जुन्या कृतीवरून उतरवलं," धाकटी पुटपुटली.

"अगं, मला विचारायचंस ना! दहा पावलांवर तर बसते मी."

"तुम्हीही कमाल करता, ताई," सर वैतागून म्हणाले. "नाव नको म्हणालात, ठीक आहे. पण लेख एकदा नजरेखालून तरी घालायचा होता."

"नाव नको? मी म्हणाले?"

"हिला सांगितलंत ना, मला कशाला त्यात ओढता म्हणून?"

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. सर घसा खाकरून म्हणाले, "ते नावाचं मग बघू. आधी पट्टी येऊ दे."

बाहेर आल्यावर धाकटी रडायलाच लागली. "नोकरीची मुलाखत होती, ताई. मुख्य प्रयोग दुसऱ्याच कुणी केला असं दिसलं असतं तर? मला वाटलं, तुम्हाला काय फरक पडतो..."

ताईंच्या काळजाला घरं पडली. नाव गेल्याचं दुःख होतंच, पण त्यांच्या तोंडी घातलेलं ते वाक्य जास्त लागलं. बावीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, म्हणून तर ते खोटं इतकं सहज खपलं.

दुसऱ्या दिवशी त्या मणी घेऊन बसल्या. आज पाचदा धुतलं असतं, तर धाकटीचा लेख तिथेच आडवा झाला असता आणि कुणाला कळलंही नसतं. हा विचार त्यांच्या मनात आला, बराच वेळ राहिला. मग त्यांनी बर्फ आणला आणि तीनदाच धुतलं.

संध्याकाळी फिल्मवर ठसठशीत काळी पट्टी उमटली. ताईंनी वहीत सगळी कृती एकेक पायरी करून लिहिली, तारीख घातली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

धाकटी धावत आली. "ताई, आली का हो?"

"आली, मॅडम. बघून घ्या," ताई म्हणाल्या, आणि हातमोजे काढून हात धुवायला गेल्या.