डावा दरवाजा

आमच्या ह्यांना विथरलेसाहेबांच्या पणजोबांचं नाव पाठ आहे. माझ्या बाबांची पुण्यतिथी मात्र दरवर्षी मला विचारतात.

विथरले म्हणजे इंग्लंडातला एक मोटारवाला. आधी बाबागाड्या करायचा, मग मोटारी करायला लागला. १९३९ साली युद्ध आलं तशी कारखान्यात जखमींचे स्ट्रेचर व्हायला लागले आणि मोटारी संपल्या त्या संपल्याच. ही गोष्ट बाबा दोन वाक्यांत सांगायचे. आमचे हे, म्हणजे चंद्रशेखर, बँकेतून निवृत्त झालेले, चाळीस मिनिटांत सांगतात. पडद्यावर चित्रं दाखवून. लखनौच्या अलीगंजातल्या आमच्या घरी चहाला आलेला माणूस विथरलेच्या बाबागाडीपाशी घड्याळ बघायला लागतो आणि स्ट्रेचरपाशी चपला शोधतो.

मोटार बाबांची. बाळकृष्ण खांबेटे, वनस्पतींचे शास्त्रज्ञ, नोकरीसाठी लखनौला आले ते इथलेच झाले. जवळच्या बख्शी का तालाब गावातल्या एका बागेत, आंब्याखाली, ही छत्तीस सालची उघड्या टपाची मोटार कोंबड्या सांभाळत उभी होती. बाबांनी कोंबड्यांची क्षमा मागितली आणि तिला घरी आणलं. पत्रा शाबूत होता, पण दोन्ही दरवाज्यांच्या आतली लाकडी चौकट कुजलेली. तेव्हा ऐशबागेतल्या माणिकलाल मिस्त्रींनी शिसवीच्या दोन चौकटी घडवल्या. बाबा शेजारी वेताच्या मोड्यावर बसून लाकडाचं कूळ सांगत, मिस्त्री रंधा मारत आणि मी भुसा ओंजळीत घेऊन फुंकत असे. त्या वासाला मी अजून माहेर म्हणते.

बाबा गेले आणि मोटार जावयाकडे आली. जावई तीन वर्षं तिच्या मागे लागले. रंग, चामडं, दिवे सगळं नवं केलं, आणि खरंच सांगते, सुरेख केलं. मग इंग्लंडातल्या विथरले मंडळाचं पत्र आलं, की मूळ चौकट ॲश नावाच्या लाकडाची असते. झालं. ह्यांची झोप उडाली.

"शिसवी? विथरलेमध्ये?" हे असं म्हणाले, की जणू पुरणपोळीत कोणी बोंबील घातलाय.

जहाजातून ॲश आलं. उजव्या दरवाज्याची मिस्त्रींची चौकट ह्यांनी काढली आणि मी शेजारी बसलेली असताना, जणू मी घरातच नाही अशी, तिच्यावर चूल पेटवली. डाव्यासाठी दुसरी पेटी यायची होती.

"डाव्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"अगं, जुन्या मोटारींच्या रॅलीत नंबर कटतात! ओरिजिनॅलिटी म्हणून काही असतं."

"मग डाव्याचे नंबर कापू देत. माझे बाबा एवढे एका दरवाज्यापुरते तरी राहू देत त्यात."

"मम्मी, लकड़ी ही तो है, यार," आमची हिमानी मोबाइलमधून मान न काढता म्हणाली.

मंडळाने पाठवलेल्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर लिहिलंय, की शेवटच्या वर्षी ॲश मिळेना तेव्हा विथरलेने एका पाडलेल्या चर्चचे बाक विकत घेतले आणि त्यांच्या चौकटी केल्या. मी ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तो अपवाद होता." विथरले करी तो अपवाद, मिस्त्री करी तो अडाणीपणा.

रोज सकाळी उजव्या दरवाज्याला जवसाचं तेल. बाळंतिणीचं तेल-न्हाणंही एवढ्या मायेने कोणी केलं नसेल. मी पोळ्या लाटता लाटता स्वतःशीच म्हणायची,

शिसवीचं माझं दार, उन्हाळे सोशी चाळीस
विलायती लाकडाला, रोज तेलाची मालीस

पावसाळ्यात ह्यांनी पुस्तिका काढली. तीत लिहिलं होतं, मोटार बरेच दिवस उभी ठेवायची तर लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवा, टायर वाचतात. ते इंग्लंडच्या हिवाळ्यासाठी होतं. ह्यांनी ते लखनौच्या आषाढात केलं, मातीच्या जमिनीवर, आंब्याच्या लाकडाचे ठोकळे मांडून. सहा महिने वर ताडपत्री. हे रोज बाहेरून नमस्कार केल्यासारखं बघून यायचे.

जानेवारीत ताडपत्री काढली. ठोकळ्यांवरून मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या. ह्यांनी उजव्या दरवाज्यावर बोट वाजवलं आणि आतून पापडासारखा आवाज आला. खालून पीठ सांडलं. वाळवीने विलायतेचा पाहुणा अगदी आवडीने खाल्ला होता. डाव्या बाजूलाही नळी गेली होती. शिसवीपाशी पोचून वळून परत आली होती.

मी माणिकलाल मिस्त्रींना बोलावलं. वय झालंय, पण हात तोच. दरवाजा वाजवून ते म्हणाले, "साहब, आठ दिन दीजिए। शीशम डाल देता हूँ, पोते बैठेंगे इसमें।"

"रॅली दस दिन में है। और विलायती गाड़ी में शीशम नहीं डलता, मिस्त्री जी।"

"जी," मिस्त्री म्हणाले. "बस, दीमक डलती है।" आणि चहा न पिता गेले.

ह्यांनी भोकांत पुट्टी भरली, घासली, वर रंग मारला. लांबून दरवाजा नवऱ्यामुलासारखा दिसत होता. "रॅली झाली की डावाही बदलून टाकू," जाताना म्हणाले. ॲशची दुसरी पेटी पोचली होती.

फेब्रुवारीतला रविवार, हज़रतगंजात मोटारींची रांग. मी डाव्या बाजूला बसले, दरवाज्यावर हात ठेवून, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी. मुख्य परीक्षक आले, पांढऱ्या मिशांचे निवृत्त विंग कमांडर. हे विथरलेच्या बाबागाडीपासून सुरू झाले आणि त्यांना चालकाच्या जागी बसवायला दिमाखात उजवा दरवाजा उघडला.

वरची बिजागरी पिठातून निघाली. मग खालची. एवढा तुळतुळीत दरवाजा ह्यांच्या मिठीत आला. बाबागाडीवरच थांबला इतिहास.

परीक्षक माझ्या बाजूला आले, डावा दरवाजा उघडला, लावला, पुन्हा उघडला. दरवेळी तोच बारीक, मायाळू आवाज.

"यह किसने बनाया?"

"ऐशबाग के माणिकलाल मिस्त्री ने। मेरे बाबा मोढ़े पर बैठकर देखते थे। और वह वाला," मी ह्यांच्याकडे बोट केलं, "इन्होंने विलायत से मंगवाया है।"

त्यांनी मिस्त्रींचं नाव कागदावर लिहून घेतलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "नंबर तो कटेंगे, जनाब। मगर इस बाएँ वाले को मत छेड़िएगा।"

भोवती चाळीस मोबाइल उभे होते. ह्यांनी दरवाज्याआडून होकाराची मान हलवली. हलवावीच लागली.

"हेमा, अगं बघतेस काय! धर की एका बाजूने!"

"दोन्ही हात लावा," मी म्हटलं. "विलायती आहे."