लेसोथोला गेलेली खाकी पुस्तकं

सुधाकर त्रिभुवन यांना स्वतःविषयी फारसे गैरसमज नव्हते. एकच होता, आणि तो ते दरवर्षी खोक्यांत भरून आफ्रिकेला पाठवत.

नगरच्या मिशन शाळेत ग्रंथपाल म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते बायको वीणाताईंसह कॅनडात किचनरला मुलीकडे आले, आणि पाहतात तो काय, इथली चर्चेस आपापली ग्रंथालयं रिकामी करायला निघालेली. वाचणारी माणसं उरली नाहीत, म्हणून एकाहून एक पुस्तकं रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात! सुधाकरराव ती डब्यातून उचलून घरी आणू लागले. त्यातच उपासनेनंतरच्या चहाला एक पाहुणे भेटले. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो नावाचा चिमुकला देश आहे, तिथल्या एका डोंगरातल्या गावात मथाबो नावाच्या बाई मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, खोलीत वाचनालय चालवतात, पण चांगलं ख्रिस्ती पुस्तक तिकडे औषधालाही मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. सुधाकररावांना वाटलं, परमेश्वराने आपल्याला एवढ्या लांब थंडीत उगाच नाही आणलं. तसं त्यांना प्रत्येक गोष्टीत वाटायचं, हा भाग वेगळा.

मुलीच्या बेसमेंटमध्ये काम सुरू झालं. 'चांगलं' या शब्दाबाबत ते फार काटेकोर. विश्वास ठेवा आणि श्रीमंत व्हा असं सांगणारी पुस्तकं ते उंदराची शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरून बाजूला टाकत. उरलेल्यांना कव्हर घालत. जूनमध्ये शाळा उघडताना आपल्याकडे घरोघरी जो कार्यक्रम चालतो, तो ते बारा महिने चालवत. खाकी कागद विकत घेणं परवडेना, तेव्हा शेजारच्या जयदीपकडून दारूच्या दुकानातल्या कागदी पिशव्या मागून आणू लागले. मंडळीत वीस वर्षं पंच राहिलेला, थेंबाला न शिवलेला माणूस दर शनिवारी शेजाऱ्याला विचारी, "काय, आहेत का रिकाम्या?" पिशवी उलटी करायची, म्हणजे दुकानाचं नाव आत जातं. कोपरे असे दुमडायचे की सुरकुती नाही. पाठीवर पांढरी पट्टी, पट्टीवर फक्त नंबर. कोणत्या नंबराला कोणतं पुस्तक, ते सोबतच्या कार्डांवर.

"अहो, निदान नाव तरी लिहा वर," वीणाताई म्हणत. "लोकांना कळणार कसं?"

"अगं, कार्ड बघून मागतील ना! नाव दिसलं की माणूस नावावरून पुस्तक निवडतो. दॅट इज नॉट रीडिंग, दॅट इज शॉपिंग."

वीणाताई पुढची पिशवी उलटी करून देत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कुठे वाद सोडायचा ते पाठ झालं होतं.

मथाबोबाईंचं दरवर्षी पत्र येई. पुस्तकं मिळाली, आभार, सर्व पुस्तकं उत्तम स्थितीत आहेत. हे शेवटचं वाक्य सुधाकरराव मुलीला, जावयाला, चर्चच्या पाळकांना आणि एकदा डेंटिस्टलाही वाचून दाखवून आले. नगरला पोरांनी त्यांच्याकडून नेलेली पुस्तकं लक्तरं करून परत केली होती. आणि इथे पाहा! एक डाग नाही!

या वर्षी पत्राऐवजी व्हिडिओ कॉल आला. शनिवारी सकाळी सुधाकरराव स्वेटरवर टाय लावून बसले. शेजारी वीणाताई.

"न्टाटे सुधाकर," मथाबोबाई म्हणाल्या. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्टाटे म्हणतात. "मला सांगायला जड जातंय. आमच्या मंडळीची कमिटी ही खोली शिवणवर्गाला देणार आहे. इस्टरपर्यंत कोणी पुस्तकं न्यायला लागलं नाही, तर वाचनालय बंद."

"कोणी नेत नाही?" सुधाकरराव स्क्रीनकडे सरकले. "म्हणजे, कधीच?"

बाईंनी फोन फिरवला. कपाटं दिसली. खाकी, खाकी, वरपासून खालपर्यंत खाकी, पोलिसांच्या कवायतीसारखी उभी. एकही पुस्तक दुसऱ्याहून वेगळं नाही.

"लोक येतात," बाई हळूच म्हणाल्या. "बघतात, आणि सरकारी फायली आहेत समजून नमस्कार करून जातात. कार्डांचा खण उघडायला लाजतात. तुम्ही इतक्या मायेने कपडे चढवलेत, मला ते काढा म्हणायचा धीर झाला नाही. एकच पुस्तक सारखं फिरतं. ते बघा."

त्यांनी एक चिंध्या झालेलं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. वर एका म्हातारीचं आणि शेळीचं चित्र. नवरा वारल्यावर शेळ्या पाळून पोरं वाढवलेल्या कुणा पाळकाच्या बायकोच्या आठवणी होत्या त्या. पाठ सुतळीने शिवलेली.

वीणाताई खाकरल्या. "ते माझ्याकडून गेलं. किचनमध्ये वाचत होते. कव्हर राहिलं घालायचं, खोकं तर बंद करायला घेतलेलं. तुम्हाला सांगितलं नाही. ओरडला असता."

ओरडले असते, यात शंकाच नव्हती. सुधाकररावांना एकदम सगळं कळलं आणि फार वाईट वाटलं. वाचकाला पुस्तक मिळावं म्हणून हा गृहस्थ इतकी वर्षं झटला, आणि वाचक आणि पुस्तक यांच्या मधे दारूच्या पिशवीचा कागद लावून स्वतःच उभा राहिला. 'उत्तम स्थितीत' म्हणे! ज्याला कोणी हात लावत नाही ते उत्तम स्थितीतच राहणार.

"फाडा," ते म्हणाले.

"न्टाटे?"

"सगळी कव्हरं. आत्ता. मी बघतो."

बाईंनी आधी घाबरत एका कोपऱ्याशी नख लावलं. कागद फाटल्याचा आवाज फोनमधून आला, तसा सुधाकररावांचा हात नकळत टायच्या गाठीकडे गेला. एक कोपरा नीट दुमडायला त्यांना किती वेळ लागे, ते त्यांनाच ठाऊक. आतून निळं पुस्तक निघालं, मग एक पिवळं, मग एकावर समुद्र आणि होडी. बाहेर बसलेल्या दोन बायका आवाज ऐकून आत आल्या. एकीने होडीचं पुस्तक उचललं, उलटलं, आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, हे नवीन आलंय का?" मथाबोबाई म्हणाल्या.

ते पहिल्या वर्षीच्या खोक्यातलं होतं. सुधाकरराव म्हणाले, "हो. नवीनच."

इस्टरनंतर मेसेज आला. सोबत जागोजाग भगदाडं पडलेल्या कपाटांचा फोटो. खोली राहिली होती. शिवणवर्गही तिथेच भरत होता, बायका शिवत आणि एक जण मोठ्याने वाचून दाखवत होती. काही पुस्तकांवर तेल सांडलंय, बाईंनी लिहिलं होतं, आणि होडीचं पुस्तक कोणीतरी नेलं ते परत आलंच नाही. फार लाज वाटते. क्षमा असावी.

हरवलेल्या पुस्तकाबद्दल सुधाकर त्रिभुवन यांनी आयुष्यात कोणाला क्षमा केली नव्हती. हेडमास्तरांनाही नाही. 'कोणी नेलं?' असं त्यांनी सवयीने टाइप केलं, मग एकेक अक्षर पुसलं. फोटो मोठा करून त्यातल्या रिकाम्या जागा मोजल्या.

मग हसत, डोळे पुसत जिना चढून वर गेले आणि वीणाताईंना म्हणाले, "अगं, ऐकलंस का? आपलं एक पुस्तक चोरीला गेलं!"