मनुके वर आले की

सिल्वीने खाणंपिणं जवळजवळ सोडलं, आणि नेमका तेव्हाच तिला रुबार्बचा सोडा आठवला.

घरामागे आमची वाफेची लाकडी न्हाणी आहे, सॉना; त्या सॉनाच्या भिंतीला लागून रुबार्बचा जुना गड्डा आहे. तिच्या आईने दिलेला. दर जूनमध्ये त्याचे लाल, आंबट दांडे काढून ती सोडा करायची आणि मी प्यायचो. सेहेचाळीस वर्षं हेच. करतात कसा ते मला विचाराल तर शून्य. मी लाकडाचे ट्रक चालवले. स्वयंपाकघरात माझं काम म्हणजे टेबलाशी बसणं.

ती ग्लास पुढे ठेवायची आणि समोर उभी राहायची. मी घोट घ्यायचो आणि म्हणायचो, "चालेल."

"वर्षभर वाट बघून एवढंच?" ती म्हणायची.

"मग काय, बँड लावू?"

आमच्याकडचे पुरुष असेच. माझा बाप तर तेवढंही म्हणत नसे. "चालेल" म्हणजे फार झालं, असं मला खरंच वाटायचं.

तर त्या सोमवारी ती दवाखान्यातल्या पलंगावरून म्हणाली, "आर्वी, यंदाचा सोडा राहिला की रे."

"मी करतो," मी म्हणालो.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, तीही मला. "तू? तुला अंडं उकडता येत नाही."

मग तिने सांगितलं आणि मी जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं. दांडे कापायचे नाहीत, बुडाशी धरून पिळायचे आणि ओढायचे. कापले की खुंट सडतो आणि कुज गड्ड्यात उतरते. पानं टाकून द्यायची, विषारी असतात. दांड्यांचे तुकडे, साखर, लिंबू, वरून उकळतं पाणी. कोमट झालं की चिमूटभर यीस्ट. एक दिवस झाकून ठेवायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं, प्रत्येक बाटलीत चार मनुके टाकायचे आणि बाटल्या तळघरात गारव्याला ठेवायच्या. रोज झाकण जरा सैल करून वायू सोडायचा. आठवड्याने मनुके तळातून वर येतात. मनुके वर आले की सोडा झाला.

"आठवडा?" मी विचारलं.

"आठवडा. घाई करायची नाही."

बाहेर योन्ना भेटली. तिथली परिचारिका, वयाने आमच्या मुलीसारखी; म्हणजे आम्हाला मुलगी असती तर. मी म्हणालो, "आठवडाभर आहे ना ती?"

योन्ना जमिनीकडे बघत म्हणाली, "आर्वी, मी तुम्हाला आठवड्याचं वचन देणार नाही."

घरी आलो तो डोकं फिरलेलंच होतं. दांडे ओढायला गेलो तर पहिला मधेच मोडला, दुसराही मोडला. हातात जोर होता, कसब नव्हतं. मी सरळ मासे साफ करायची सुरी आणली आणि सपासप कापून काढले. सगळे. एकही ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बाटल्या भरल्या. चार झाल्या. तळघराच्या पायऱ्या उतरता उतरता थांबलो. आठवडा कुठून आणू? आणि मग मला अक्कल सुचली. सॉना पेटवला, चांगला तापवला, निखारे विझत आले तेव्हा बाटल्या आत खालच्या फळीवर ठेवल्या. झाकणं गच्च लावली, म्हटलं वायू वाया जायला नको. इथे काहीही लवकर व्हायला हवं असेल तर माणूस सॉनाकडेच बघतो. कपडे वाळत नाहीत, सॉनात टांग. पाठ धरली, सॉनात बस. मूर्ख म्हातारा, दुसरं काय!

सकाळी कॉफी ओतत होतो तेव्हा पहिली बाटली फुटली. धावत जाईपर्यंत आणखी दोन. फळ्यांवर गुलाबी फेस, काचा, भिंतीला चिकटलेले मनुके. चौथी तेवढी शाबूत होती. तिच्यात चारही मनुके वर तरंगत होते. मी तिथेच बादलीवर बसलो आणि तिचं झाकण हळूहळू सैल केलं.

ती बाटली टॉवेलात गुंडाळून, मांडीत धरून बसने दवाखान्यात नेली.

"नुसतं पातळ काही देता येत नाही हो," योन्ना म्हणाली. "ठसका लागला तर फुफ्फुसात जाईल. घट्ट करून देते."

तिने एका वाटीत सोडा ओतला, त्यात पांढरी पूड टाकून ढवळली. बुडबुडे बघता बघता मेले. खळ झाली, भिंतीला कागद चिकटवायची असते तशी. योन्नाने चमचा पुढे केला, सिल्वीने ओठ मिटून घेतले.

"हा सोडा नाही," ती म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. योन्नाने आम्हा दोघांकडे पाहिलं, मग खिशातून काडीला लावलेला छोटा स्पंज काढून माझ्या हातात दिला. "ओठ ओले करा. जास्त नाही," म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी स्पंज बाटलीतल्या सोड्यात बुडवला आणि तिच्या जिभेवर टेकवला. ती चोखत राहिली. मी पलंगाशी उभा. ती काय म्हणते याची एवढी वाट मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. घाईचा माल, यीस्टचा वास मारतोय, मला ठाऊक होतं. तरी वाटत होतं, म्हणेल, छान झालाय म्हणेल.

सिल्वीने डोळे उघडले. "चालेल," ती म्हणाली.

चिडवत होती का? देव जाणे. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं खरं. पण मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सेहेचाळीस जून ती माझ्यासमोर अशीच उभी राहिली होती.

"घाई केलीस ना?" तिने विचारलं.

"थोडी."

"दांडे ओढलेस की कापलेस?"

"ओढले," मी म्हणालो. तिच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं खोटं.

"मग पुन्हा कर. नीट. आठवडा ठेव."

त्याच संध्याकाळी पुन्हा केला. गड्ड्याच्या कडेला गवतात बोटभर कोवळे दांडे माझ्या सुरीतून सुटले होते, ते एकेक पिळून, ओढून काढले. एकही मोडला नाही. जेमतेम एक बाटली झाली. या वेळी ती तळघरात ठेवली. रोज दवाखान्यात जायचो, ती बहुतेक झोपलेली असायची. एकदाच विचारलं तिने, "आले का वर?"

"अजून नाही. घाई नाही करत आहे," मी म्हणालो. तिने मान हलवली.

पुढच्या बुधवारी सकाळी निघण्याआधी झाकण सैल करायला तळघरात उतरलो. एक मनुका तळाशी हलल्यासारखा वाटला. मी बाटली उजेडाला धरून पायरीवर बसलो. अर्धा तास बसलो असेन, जास्तही असेल. तो उचलला जायचा आणि परत खाली बसायचा. वर आलो तर टेबलावर फोन, दवाखान्याचे चार कॉल येऊन गेलेले. उलट फोन लावला. योन्ना म्हणाली, शेवटच्या क्षणी ती जागी होती. दाराकडे बघत होती.

मी तेव्हा मनुका बघत होतो.

शुक्रवारी युहानुस, आमच्याकडचा ऐन उन्हाळ्यातला सण. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, सगळा गाव तळ्याकाठी होळी पेटवायला गेला. शेजारचा एन्सिओ बोलवायला आला, मी दार उघडलं नाही. दुपारी सॉनामागे गेलो होतो. कापलेले खुंट काळे पडून बुळबुळीत झाले होते. बोट लावलं तर गड्ड्यातच रुतलं. आतपर्यंत सडला होता. पुढच्या वर्षी तिथे काही उगवणार नाही.

मग तळघरातून बाटली आणली. चारही मनुके वर आले होते.

दोन ग्लास काढले, एक परत ठेवला. सोडा ओतला, नाकाशी बुडबुडे उडाले. घोट घेतला. तोच होता. अगदी तिच्या हातचा.

तिची उभं राहायची जागा टेबल आणि चुलीच्या मधली. मी तिकडे बघून म्हणालो, "छान झालाय, सिल्वी. फार छान झालाय." मोठ्याने म्हणालो, दोनदा म्हणालो. मग उरलेला सोडा बसून संपवला.